मासळीला उशीर

कॅन्टीनचे तावडे फोनवर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ओरडणारा माणूस आणखी एकदा सांभाळून घेतो. तावडे त्या बुधवारी अगदी शांतपणे म्हणाले, "वहिनी, आजही डबे दीडला आले. आमची जेवणाची सुट्टी दीडला संपते. माणसं वडापाव खाऊन मशीनवर गेली. शनिवारी शेवटचं बघतो. एकच्या आत डबे आले नाहीत तर सोमवारपासून दुसरीकडे सांगितलंय."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग कढईत उलथनं असं आपटलं की बाहेर जेवणाऱ्या दोघांनी माना वळवून पाहिलं.

आमची खानावळ वसई रोडला, अंबाडी रोडच्या आतल्या गल्लीत. पाच टेबलं, एक मोरी, एक शटर. मागून दार नाही, कारण मागे बिल्डिंगची भिंत. पाटीवर नाव 'मनोरमा'. ते माझ्या सासूबाईंचं. त्यांनीच ही खानावळ काढली, चालवली आणि एका दुपारी हातात डाव असतानाच त्या गेल्या. त्याला आता वर्ष होत आलं होतं. त्यांच्यामागे मी उभी राहिले. पाच टेबलांवर खानावळ चालत नाही, ती चालत होती वालीवच्या त्या पंख्यांच्या कारखान्याच्या डब्यांवर. डबे बंद झाले की गाळा औषधाच्या दुकानाला भाड्याने द्यायचा, हे आमच्या जितेशरावांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. ते सकाळी सहाला घर सोडणारे बँकवाले. खानावळीचं नाव काढलं की म्हणायचे, "लतिका, कशाला मरमर करतेस? भाडं घरबसल्या येईल."

घरबसल्या येणाऱ्या कशाचीच मला आवड नाही. आणि सासूबाईंच्या नावाची पाटी उतरवून तिथे खोकल्याच्या औषधाची जाहिरात लावायची, या विचारानेच माझं पित्त खवळायचं. सासरचे म्हणतात मी तापट आहे. माहेरी कुडाळला म्हणायचे, हिचं डोकं चालतं. दोन्ही खरं असेल.

उशीर कशामुळे होतो ते मला ठाऊक होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. पंधरा दिवसांपूर्वीच मी माझ्या लेकीची, उन्नतीची जुनी शाळेची पाटी दाराशी टांगली होती. कोण पुरवठादार कधी आला ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, म्हणजे येणाऱ्यालाच लाज वाटेल. होळी गावातल्या वाडीतला ग्लेन भाजी घेऊन सातला हजर. पाववाला त्याच्याही आधी. नारळ, तांदूळ, कोकम, सगळं वेळेवर. फक्त मासळी कधी नऊला, कधी पावणेदहाला, एकदा तर साडेदहाला. मासळी उशिरा आली की साफ करायला उशीर, मसाला लावायला उशीर, तळायला उशीर. गुरुवारी आमच्याकडे मासळी नसते, आणि गुरुवारी डबे बाराच्या ठोक्याला तयार असतात. मग दोष कोणाचा, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

पाटीवर वेळा लिहायचे आमचे अण्णा. सासरे. पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेले, अक्षर छापल्यासारखं. सकाळी शटर उघडायचं, गल्ल्यावर बसायचं आणि खानावळीतल्या देवाची पूजा करायची, एवढी कामं त्यांच्याकडे होती. मी उन्नतीला शाळेत पाठवून, घरी वाटण वाटून नऊला वरच्या मजल्यावरून खाली उतरायचे. तेव्हा अण्णा पाटीकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, तुझी सालोमी अजून नाही. या बायकांना घड्याळ माहीतच नाही. आमच्या गोदीत असा उशीर केला असता तर पगार कापला असता."

सालोमीमावशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. सासूबाईंच्या पहिल्या दिवसापासून मासळी तीच देत होती. उंच, काटक, गळ्यात क्रूस, कंबरेला घट्ट लुगडं. मी तिला दोनदा फैलावर घेतलं. एरवी मच्छी मार्केटात एका शब्दाला चार ऐकवणारी ही बाई माझ्यापुढे मान खाली घालून उभी राहिली आणि म्हणाली, "बगते बाय, उद्या बगते." दुसऱ्या दिवशी आणखी उशीर. मध्ये चिडून मी एक दिवस बर्फातली मासळी आणली. नेहमीच्या गिऱ्हाइकाने एक घास घेतला आणि ताटावर उलटी वाटी ठेवावी तसा चेहरा करून उठला. पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

बुधवारच्या फोननंतर मी ठरवलं. त्या शुक्रवारी कारखान्याला कसलीशी सुट्टी होती. त्या दिवशी टोपली समुद्रापासून माझ्या मोरीपर्यंत कशी येते, वाटेत कुठे रेंगाळते, ते डोळ्यांनी बघायचं. अण्णांना सांगितलं, चर्चच्या बाजूच्या ताईंकडे लोणच्याचे आवळे बघायला जाते.

पाचूबंदरला पोहोचले तेव्हा उजाडत होतं. होड्यांवरून टोपल्या उतरत होत्या, बायकांचा गलका चालला होता. मला बघून सालोमीमावशीने कपाळाला हात लावला. "अगो बाय, तू हय कशी?"

"तुझ्याबरोबर यायला. चल, कुठून उशीर होतो ते मला दाखव."

तिने भराभर मासळी निवडली, बर्फ टाकला, वर ओलं गोणपाट. कुठे गप्पा नाहीत, कुठे चहा नाही. आणखी तीन बायकांबरोबर आम्ही टमटममध्ये बसलो. होळी मागे गेली, पापडी मागे गेली, आणि साडेसात व्हायच्या आत टमटम आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. मी उतरायला पदर सावरला. सालोमीमावशी जागची हलली नाही. टमटम पुढे निघाली.

"अहो, थांबवा!" मी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "मावशी, खानावळ मागे राहिली. तू पुढे कुठे चाललीस?"

"स्टेशनच्या मार्केटात. तय इकते. मंग तुजे हय येते परत."

माझा तर संताप संताप झाला. म्हणजे चांगली सुरमई आधी मार्केटात, उरलेली माझ्या ताटात! मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"रागावू नको, बाय. आता उतरून काय करशील? बाबाचं पानी आलं नसंल."

"कसलं पाणी?"

"पुजेचं. पानी येल तवा पुजा. पुजा होईल तवा मासली आत. पयले मी सातला येयची, मंग भायेर बसायची. कदी येक तास, कदी दोन तास. उनात बरफ वितळते, मासली नरम पडते. मंग मी म्हटलं, आदी मार्केट करते. देवाचं काम हाय, त्यात मी कय बोलू? तो बाबा मनोरमाबायसाठी करतो ना सगलं."

पूजा होईपर्यंत मासळीने उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम मला माहीत होता. आमच्याकडचं ते साधं वळण. मासळीच विकायची, पण देवाला वास येता कामा नये. माझी समजूत एवढीच होती की पूजा सात-सव्वासातला उरकते, सासूबाईंच्या वेळी उरकायची तशी. मी नऊला उतरायचे तेव्हा उदबत्ती जळत असायची. ती कधी लावली, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

आम्ही टमटम थांबवली, टोपली उतरवली आणि चालत मागे आलो.

शटर उघडं होतं. आत देवासमोर पाटावर फुलं, गंध, सगळं मांडून ठेवलेलं. अण्णा दाराशी खुर्चीत बसले होते. पायाशी रिकामी तांब्याची कळशी. समोर पायरीजवळचा नळ, थेट पालिकेच्या लाइनचा. नळाचं तोंड कोरडं. पाटीवर ग्लेनची आणि पाववाल्याची वेळ लिहिलेली, आणि खडू अण्णांच्या हातात, सालोमीची वाट बघत.

मला टोपलीबरोबर बघून ते उठले. "आवळे कुठे आहेत? आणि मासळी आत नको हं. पूजा व्हायचीय."

"कधी होणार पूजा?"

"पाणी आलं की."

"आणि पाणी कधी येणार?"

"ते मला काय माहीत? कधी आठला येतं, कधी पावणेनऊला. आपल्या हातात आहे का ते?"

वसईत पाण्याचं काही खरं नव्हतं. दुसऱ्या धरणाचं पाणी येणार, येणार, असं आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचत होतो आणि टँकरला फोन करत होतो. वर घरी टाकीचं पाणी असायचं, म्हणून खालचा नळ कधी सुटतो याच्याशी माझा संबंध नव्हता. म्हणजे आमची मासळी नळाच्या लहरीवर शिजत होती आणि शिव्या सालोमी खात होती.

"अण्णा, ड्रम भरलेला आहे. वर टाकी भरलेली आहे. तांब्याभर पाण्यासाठी तुम्ही दोन तास बसून राहता?"

"ते शिळं आहे. रात्रीचं. देवाला शिळं पाणी घालू?"

"सासूबाई सातला पूजा कशी करायच्या मग?"

"तेव्हा भिंतीमागे विहीर होती." त्यांचा आवाज चढला. "केव्हाही जा, ताजं पाणी काढा. ती बुजवून बिल्डिंगवाल्यांनी गाड्या लावल्या."

माझाही आवाज चढला. मी म्हटलं, उद्या डबे एकच्या आत गेले नाहीत तर खानावळ संपली. गाळा औषधवाल्याला जाईल. मग कसला देव आणि कसली पूजा? रोज सालोमीच्या नावाने बोटं मोडता, आणि तिला दाराबाहेर कोणी बसवलं? एक दिवस, फक्त उद्याचा एक दिवस, ड्रमच्या पाण्याने पूजा करा. देव तुम्हाला काही म्हणणार नाही.

अण्णा खुर्चीत बसले. सालोमीमावशी पायरीवर टेकून गोणपाटावर बर्फाचं पाणी शिंपडत होती.

"केली होती एकदा," ते म्हणाले. "विहीर बुजवली त्याच आठवड्यात. नळाला पाणी नव्हतं. ही म्हणाली, असू दे हो, ड्रममधलं घ्या, मला मासळी साफ करायचीय. मी घेतलं. त्या दुपारी ही गेली."

तुमच्या तांब्याभर पाण्याने सासूबाईंचं हृदय बंद पडलं नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतंच. त्यांनाही ते कळत होतं. कळून उपयोग नव्हता. वर्षभर हा माणूस त्या कोरड्या नळासमोर रोज बसत होता, आणि मी वर वाटण वाटत होते. मला रडू आलं आणि रागही आला. राग नेमका कोणावर, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

पण उद्याचा शनिवार कोणासाठी थांबणार नव्हता. अण्णा शिळ्या पाण्याने पूजा करणार नाहीत, एवढं कळलं होतं. आता त्यांच्याशी भांडून वेळ घालवायचा नव्हता. ताजं पाणी सातच्या आत इथे यायला हवं होतं, नळ येवो न येवो.

"मावशी," मी विचारलं, "टमटम होळीवरून येते ना? ग्लेनच्या वाडीत विहीर आहे?"

"हाय की. गोड पानी."

"उद्या मी पुन्हा येते."

शनिवारी पहाटे कळशी घासूनपुसून घेतली आणि निघाले. अण्णांना सांगितलं नाही. पाचूबंदरला टोपली भरली, टमटम होळीला थांबवली. ग्लेन पालकाच्या जुड्या बांधत होता. त्याला कारण सांगितलं तर हसून म्हणाला, "विहिरीला कय कुलूप हाय? घे ना." पण वीज गेलेली, मोटार बंद. कठड्यावर दोर आणि बालदी होती. मी दोर सोडला, बालदी भरली, ओढायला लागले आणि अर्ध्यावर हात घसरला. बालदी विहिरीच्या भिंतीवर आपटली, रिकामी झाली. पुन्हा सोडली, पुन्हा तेच. मी माहेरी विहिरीवर पाणी ओढलं होतं. अंग ते कधीच विसरलं होतं. टमटमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

सालोमीमावशी खाली उतरली. तिने आधी विहिरीजवळच्या दगडी दोणीपाशी बसून नारळाच्या काथ्याने हात घासले, कोपरापर्यंत. मग दोन्ही हात नाकाशी नेऊन वास घेतला.

"मी काडू? चालंल बाबाला?"

"काढ," मी म्हटलं. "चालायलाच हवं."

तिने चार झटक्यांत बालदी वर घेतली. कळशी भरली. ग्लेनने केळीचं पान फाडून तोंडाला बांधायला दिलं. मी कळशी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले, टोपली मागे. वाटेत मी मनात उत्तर तयार करत होते. अण्णा विचारणार, कोणी काढलं? मी म्हणणार, मी. एवढंसं खोटं. कोणाचं काय बिघडणार होतं?

गल्लीत उतरले तेव्हा सात वाजून गेले होते. अण्णा खुर्चीत, नळ कोरडा. मी कळशी त्यांच्यापुढे ठेवली, पान सोडलं.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

"होळीच्या वाडीतलं. विहिरीचं. अर्धा तासही झाला नाही."

ते वाकले, पाण्यात पाहिलं. "कोणी काढलं?"

सालोमीमावशी माझ्या मागे टोपली घेऊन उभी होती. दोनदा तिने माझ्या शिव्या खाल्ल्या आणि तेव्हाही अण्णांचं नाव घेतलं नाही. तिच्या समोर माझ्याने खोटं बोलवेना.

"सालोमीमावशीने. मला ओढता येईना. तिने हात धुऊन काढलं. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता सांगा, मी परत जाते आणि पडेपर्यंत ओढते. पण शिळं नाही हे, अण्णा. आणि आज मासळी दारात बसणार नाही."

अण्णांनी सालोमीमावशीकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"तू रोज किती वाजता यायचीस इथे? आधी?"

"सातला, बाबा."

"आणि मी बाहेर बसवायचो."

"देवाचं व्हतं, बाबा."

अण्णांनी कळशी उचलली. देवासमोर बसले, तांब्या भरला, धार धरली. ओठ हलत होते. शेवटी देवाशेजारच्या सासूबाईंच्या फोटोपुढे त्यांनी दोन थेंब सोडले आणि हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "मनोरमा, ताजं आहे गं." मला हुंदका आवरला नाही. सालोमीमावशीने क्रूसाची खूण केली. एवढ्या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मग मी पदर खोचला. आठच्या आत मोरीवर सुरमई पडली होती, नऊला मसाला लागला होता. आचारी आला तेव्हा त्याला वाटलं आपल्यालाच उशीर झाला, आणि तो निमूट कांदा चिरायला बसला. डबे बाराला टेम्पोत चढले. एकच्या सुमारास मी फोनशेजारी उभी राहून हात पुसत होते, पुसलेले हात पुन्हा पुसत होते. फोन आला तो दोनला. तावडे म्हणाले, "वहिनी, सुरमई आज मोठी होती. सोमवारचं चालू ठेवतो. रोज असंच जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, रोज पहाटे उठून विहीर गाठायची, मग उन्नतीची शाळा, मग वाटण. जमवावंच लागेल.

संध्याकाळी हे सगळं जितेशरावांना सांगत होते. अण्णा पेपरामागून म्हणाले, "उद्यापासून पाण्याला तू जायचं नाहीस."

मला वाटलं, मन फिरलं यांचं. मी तोंड उघडणार एवढ्यात ते पेपर घडी घालून उठले आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी गॅलरीत गेले तर खाली अण्णांची खुर्ची रिकामी. कळशी जागेवर नाही. मी धावतच जिना उतरले. शटरला कुलूप. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टमटम थांबली. ड्रायव्हरशेजारून आमचे अण्णा उतरले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, एका हातात केळीच्या पानाने बांधलेली कळशी. दुसऱ्या हाताने त्यांनी मागच्या टोपलीचा कान धरला होता. दुसरा कान सालोमीमावशीच्या हातात. दोघं ती टोपली घेऊन माझ्या दिशेने येत होते, आणि गोणपाटातून गळणारं मासळीचं पाणी अण्णांच्या पायावर पडत होतं.

पायरीपाशी टोपली टेकवून त्यांनी किल्ली माझ्याकडे टाकली.

"बघत काय उभी राहिलीस? शटर उघड," ते म्हणाले. "आधी मासळी आत घे. तिचा बर्फ वितळतोय. मग मी पाय धुतो आणि पूजेला बसतो."